प्रेसवाल्याला बोल लावण्याआधी फाइल बघा

काल रात्री एका सार्वजनिक संस्थेच्या वार्षिक अहवालाची पीडीएफ आली. सकाळी प्लेट काढायची होती. उघडली तर अर्ध्या पानांवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला!

कारण साधंच. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात, आणि फॉन्ट फाइलमध्ये एम्बेडच केलेला नाही. या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी वर येतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट होता, म्हणून ते फोनवर म्हणतात, "आमच्याकडे तर बरोबर दिसतंय!" शिवाय फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेले, बारीक, कटिंगसाठी चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड नाही.

मी वेळेत पाहिलं म्हणून निभावलं. हजार प्रती छापून झाल्यावर कळलं असतं तर? पैसा लोकांचा गेला असता, नाव आमचं.

माझं म्हणणं एवढंच, छपाईच्या निविदेत कागद किती जीएसएमचा ते लिहिता ना? मग फाइल कशी हवी तेही लिहा. पीडीएफ-एक्स हे छपाईचं आंतरराष्ट्रीय मानक २००१ पासून आहे. त्यात फॉन्ट एम्बेड असावेच लागतात. आणि छापण्याआधी प्रूफवर जबाबदार माणसाची सही घ्या.

तुमच्या ग्रामपंचायतीचा, पतसंस्थेचा अहवाल छापायला निघाला असेल तर अ‍ॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल-डी दाबा, फॉन्टची यादी बघा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' नसेल तर फाइल पाठवू नका. दोन मिनिटांचं काम आहे हो!