आधी उतरण, मग चढण

मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की निगडी, भोसरी, चाकणच्या घराघरांतून एका दिवसाच्या सहलीचा बेत ठरतो आणि स्थळ पुष्कळदा भीमाशंकरच असते. राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव मागे टाकले की डिंभे धरणाचे पाणी दिसते आणि पुढे घाट, दाट झाडी व दैव लाभल्यास शेकरूचे दर्शन. ज्योतिर्लिंग आणि सह्याद्री एकाच दिवसात! घरातील ज्येष्ठांनी या बेतातून स्वतःला वगळावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. मात्र या देवस्थानाची एक गोष्ट आपण निघण्यापूर्वी ध्यानी घ्यावी.

बहुतेक डोंगरी देवस्थानांत चढण आधी असते. दम लागलेला मनुष्य अर्ध्यावरून परत फिरू शकतो. भीमाशंकरचे मंदिर खोलगट जागी आहे. दोनशेहून अधिक पायऱ्या आधी उतरायच्या. उतरताना श्वास साथ देतो, उत्साह असतो, आणि खरी परीक्षा दर्शनानंतर, थकलेल्या शरीराची होते. उतरण गुडघ्यांना जड जाते, चढण हृदयाला. त्यात पहाटेच्या गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढलेला असतो. म्हणून ऊन वर आल्यावरच उतरावे, कान-छाती झाकलेली असावी, आणि पोटभर जेवण परत वर आल्यावरच करावे. मधुमेह्यांनी मात्र रिकाम्या पोटी, उपवास धरून, ही चढण अंगावर घेऊ नये. खिशात साखर वा गूळ असू द्यावा.

आपल्या इमारतीचे दोन मजले बोलत बोलत, न थांबता चढता येतात का, हे आठवडाभर आधी पाहावे. छाती भरून येत असेल तर सहलीपूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. डोली मिळत असेल तर ती घेण्यात कमीपणा कसला?

आता एक नाजूक विषय. प्रवासात वारंवार गाडी थांबवावी लागू नये, सुनेला-मुलाला त्रास नको, म्हणून अनेक आजी-आजोबा त्या दिवशी पाणी पीत नाहीत आणि लघवीची गोळी गुपचूप टाळतात. घरच्यांना याचा पत्ता नसतो. वार्धक्यात तहान मुळातच कमी जाणवते, थंडीत आणखी कमी. पाणी तोडल्याने चक्कर येते आणि हृदयविकार असणाऱ्याने गोळी चुकवल्यास पायावर सूज व धाप येऊ शकते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. सांभाळणाऱ्यांनी तासा-दीड तासाने, कोणी न मागता, स्वतःहून गाडी थांबवावी. ‘मलाच जायचे आहे’ असे म्हटले की संकोच आपोआप गळतो. घाटासाठीची उलटीची गोळीही परस्पर देऊ नये. तिने वृद्धांना गुंगी, गोंधळ आणि प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना लघवी अडण्याचा धोका असतो.

चढताना छातीवर दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, थंडीतही दरदरून घाम, यांपैकी काही झाले तर तेथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. डोंगरात मोबाइलला रेंज नसली तर देवस्थानाच्या माणसांची मदत मागावी.

इतके चालणे झेपणारच नसेल, तर आजोबांना गाडीत बसवून बाकीच्यांनी दर्शन घ्यायचे, हा तोडगा आम्हांस पटत नाही. त्यापेक्षा स्थळच बदलावे. इंदोरीजवळचा भंडारा डोंगर तुकोबांच्या चिंतनाची जागा. तेथे वाहन वरपर्यंत जाते, माथ्यावरून इंद्रायणीचे खोरे पसरलेले दिसते, आणि उतरताना देहूस गाथा मंदिरात भिंतींवर कोरलेले अभंग आजी नातवंडांना वाचून दाखवू शकतात. माघ शुद्ध दशमीच्या सोहळ्यात मोठी गर्दी होते. ते दिवस सोडून जावे. भीमाशंकर ठरलेच, तर दर्शनाची व्यवस्था आणि वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी, आणि काठी घरी विसरू नये.