शहराला वडिलांचं नाव, मग मुलाची गोष्ट कुणी सांगायची?

उर्दू शाळेतल्या आपल्या मुलांना अब्दुर्रहमान अद्दाखिल ठाऊक असतो. ७५० मध्ये अब्बासींनी उमय्या घराण्याची सत्ता उलथवली, घरचे लोक मारले गेले, हा तरुण शहजादा जीव वाचवून निसटला आणि ७५६ मध्ये कुर्तुब्याला त्याने नवं राज्य उभं केलं. मुलं ही गोष्ट मन लावून ऐकतात. ऐकावीच. पण असाच एक राजपुत्र आपल्या मुलखात होऊन गेला. त्याचं नाव विचारलं की वर्ग गप्प होतो. उर्दूचाही आणि मराठीचाही. 'शाहू महाराज' म्हटलं तर सगळे कोल्हापूरच्या राजर्षींचं नाव घेतात.

मी बोलतोय ते साताऱ्याच्या छत्रपती शाहूंबद्दल, संभाजी महाराजांच्या मुलाबद्दल. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. त्याच वर्षी रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. पुढची साडेसतरा वर्षं मोगली छावणीत गेली. तिथे औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्यांना माया लावली, हेही इतिहासात नोंदलेलं आहे.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला. त्याच्या मुलाने, आझमशहाने, शाहूंना सोडलं. त्यामागे दया नव्हती, हिशेब होता: शाहू परतले की ताराबाईंशी झगडा होईल आणि मराठे आपसांत गुंततील. झगडा झालाही. खेडच्या लढाईत शाहू जिंकले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला. मात्र आझमशहाचा हिशेब तिथेच संपला. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, येसूबाईही सुटल्या. हा करार ज्याच्याशी झाला तो दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली होता. स्वराज्य शिवाजी महाराजांनी स्थापलं; त्याचं साम्राज्य शाहूंच्या काळात झालं. १७४९ मध्ये ते वारले तेव्हा माळवा आणि गुजरातवर मराठ्यांची सत्ता होती.

आता मुद्द्याचं. सुटकेनंतर हेच शाहू खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीवर गेले होते. ज्याचे वडील मारले, ज्याचं बालपण कैदेत गेलं, त्याने ती कबर पाहिली आणि राहू दिली. पुढे सत्ता हाती आली तेव्हाही ती उखडली नाही. मोगलांशी लढायचं तिथे त्यांच्या फौजा लढल्या; मेलेल्याच्या मातीशी त्यांनी भांडण धरलं नाही.

मार्च २०२५ मध्ये याच कबरीवरून नागपुरात दंगल पेटली. कबर उखडा म्हणणाऱ्यांना माझा थेट सवाल आहे: संभाजी महाराजांच्या हत्येचं दुःख तुम्हाला त्यांच्या पोटच्या मुलापेक्षा जास्त आहे का? शहराला वडिलांचं नाव दिलंत. मग मुलाचं वागणंही वाचा.

आणि आपल्या तरुणांनाही तितकंच रोखठोक सांगायला हवं. चिडवल्यावर औरंगजेबाचा फोटो स्टेटसला ठेवणं हे उत्तर नव्हे. तो एक बादशहा होता, आपल्या ईमानाचा भाग नव्हे. संभाजी महाराजांची हत्या ही हत्याच होती आणि सात वर्षांच्या मुलाची कैद ही कैदच. ते म्हणायला कचरलो, तर इन्साफ या शब्दावरचा आपला हक्क गेला.

कुर्तुबा हजारो मैलांवर आहे, खुलताबाद इथून तासाभरावर. शाळांनी सहल न्यावी, दोन्ही माध्यमांची मुलं एकत्र न्यावीत आणि कबरीजवळ उभं राहून शाहूंची गोष्ट सांगावी, मराठीतही आणि उर्दूतही. ती सांगायला परवानगी लागत नाही. सांगणारा मास्तर लागतो.