दुधीचा रस : आधी चव, मग सल्ला

डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर दुधी घरोघरी परिचित आहे. कोवळ्या फळाची भाजी होते. वाळलेल्या फळाला बांबू व ताडाचे पान जोडून तारपा घडतो. शास्त्राने मात्र गोड व कडू तुंबीत स्पष्ट भेद केला आहे. भावप्रकाशात गोड तुंबी हृद्य, पित्तकफहर व धातुपुष्टिकर मानली आहे. कडू तुंबी चरकाच्या कल्पस्थानात ‘इक्ष्वाकु’ नावाने वमनद्रव्य म्हणून येते.

हा भेद विसरल्यास अनर्थ ओढवतो. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस घेतल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस मुळीच न घेण्याचा इशारा दिला. कडूपणा कुकुर्बिटॅसिन द्रव्यांमुळे येतो. त्यावर विशिष्ट उतारा नाही. फळ बाहेरून पाहून तो ओळखताही येत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पथ्य म्हणून आपण मुगाच्या डाळीसह शिजवलेला दुधीच सुचवावा. कोणी रस घेणारच असेल, तर प्रथम फोड चाखावी आणि कडू लागताच फळ टाकून द्यावे, ही सूचना वैद्याने चिठ्ठीवर व औषधविक्रेत्याने फलकावर मराठीत लिहावी. रसानंतर उलट्या, जुलाब वा पोटदुखी झाल्यास ‘शोधन होत आहे’ असे समजून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. दूरच्या पाड्यावरून रुग्णालयात पोहोचण्यास वेळ लागतो. तेथे आगाऊ दिलेली सूचना हाच खरा उपचार होय.