हिशेबातली नावे

ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकास अभिवादन केले आणि वळिवड्याची छावणी पुन्हा वृत्तपत्रांत आली. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया व मुले, राहत होते. त्यांची नातवंडे आज आजीचा माग काढू लागली, तर तो पुष्कळदा सापडतो. तो का सापडावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

सोव्हिएत सत्तेने १९४०-४१मध्ये हद्दपार केलेल्या या कुटुंबांतील अनेक पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात दाखल झाले. १९४२मध्ये या सैन्यासह सुमारे १ लाख १५ हजार माणसे सोव्हिएत भूमीतून इराणात आली. सैनिकाच्या सेवापत्रात नातलगांची नोंद मिळाली की शोधाचे पहिले दार उघडते. पुढचा दुवा जहाजांचा. १९४४च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातून ‘जनरल रँडल’ हे अमेरिकन जहाज ७३३ पोलिश मुलांना घेऊन न्यूझीलंडकडे निघाले. संख्या नेमकी ठाऊक आहे, कारण यादी होती. युद्धानंतर ब्रिटनला गेलेल्यांची नावे व वये तेथील उतारूंच्या याद्यांत आढळतात. अर्थात पोलिश आडनाव रशियन कारकुनाच्या आणि इंग्रज टंकलेखकाच्या हातून गेल्यावर ओळखू येईलच असे नाही. तेथे कानावरच विसंबावे लागते.

या नोंदींचे श्रेय केवळ टापटिपीला देणे भाबडेपणाचे ठरेल. वळिवड्याचा खर्च लंडनस्थित पोलिश सरकारच्या खाती पडत होता. दरडोई खर्च मागावयाचा तर डोकी मोजावी लागतात आणि नावेही लिहावी लागतात.

त्याच १९४२ साली ब्रह्मदेशातून लाखो भारतीय जीव मुठीत धरून निघाले. डेकवरची जागा मिळाली नाही ते तामू आणि हुकाँगच्या वाटेने पायी चालले. गोऱ्यांसाठी निराळी, सोयीची वाट राखली गेल्याची तक्रार तेव्हाच झाली होती. वाटेत किती मेले, याचे केवळ अंदाज आहेत. रंगूनजवळील तौक्यान येथील युद्धस्मारकावर, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा सुमारे २७ हजार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. सैनिक वेतनपटावर होता. त्याच रानात पडलेला गंजामचा वा विशाखापट्टणचा हमाल कोणाच्याच पटावर नव्हता.

तरीही एक धागा उरतो. सुखरूप पोहोचलेल्या निराधार कुटुंबांना सरकारने निर्वाहासाठी पैसे दिले, ते प्रांतिक सरकारांच्या यंत्रणेमार्फत. पैसे दिले म्हणजे पावती आली, अंगठा आला, नाव आले. ही कागदपत्रे जिल्ह्यांच्या अभिलेख कक्षांत कोठे शिल्लक असतील, तर ती मुदत सरलेल्या वर्गातली म्हणून रद्दीत काढण्यापूर्वी उघडून पाहावीत. ओडिशा, आंध्र आणि तमिळनाडूच्या किनारी जिल्ह्यांपासून आरंभ करता येईल.