मशीनने तोडलेल्या उसातली साखर जाते कुठे? आणि पैसे कोणाचे जातात?

मीरा रोड असो की भाईंदर, रसवंतीवर रस काढला की लगेच प्यायचा, हे कुणाला सांगावं लागत नाही. ठेवला की आंबतो. साखर कारखान्यांची डोकेदुखीही हीच आहे, फक्त तिथे हिशोब टनांचा.

कोयत्याने तोडलेला ऊस अख्खा असतो. हार्वेस्टर त्याचे साधारण वीतभर लांबीचे तुकडे करतो. म्हणजे एका उसाला दोनऐवजी वीसेक उघडी तोंडं. तिथून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात, साखर खातात आणि डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रस बुळबुळीत होतो, गाळायला जड जातो आणि साखरेचे दाणे नीट बनत नाहीत. शिवाय उसातली विकरं सुक्रोजचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करून टाकतात, ज्यांची दाणेदार साखर होत नाही. ऊन वाढलं की हे सगळं आणखी वेगाने होतं. त्यामुळे मार्चमध्ये यार्डात रांगेत उभी राहिलेली गाडी डिसेंबरपेक्षा महाग पडते. असा ऊस शक्य तितक्या लवकर, फार तर 24 तासांत गाळायला हवा.

आता पैसे. 2025-26 च्या हंगामासाठी एफआरपी आहे 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये. उतारा 0.1 टक्क्याने घसरला की टनामागे 34 रुपये 60 पैसे कमी (9.5 टक्क्यांखाली मात्र कपात नाही). गोम अशी की उतारा एकेका शेतकऱ्याचा नाही, अख्ख्या कारखान्याचा सरासरी धरतात. म्हणजे एकाचा ऊस उन्हात वाळला, तर भुर्दंड सगळ्यांना. ज्याचा वाळला त्याचं वजनही घटतं, कारण काटा नंतर होतो. वर पाचटापोटी वजावट वेगळीच.

मग कोयताच बरा? तसंही नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणारे तोडणी मजूर आता पुरत नाहीत, आणि मुलाबाळांसह सहा-सहा महिने पालात राहण्याचं हे काम कुणी सोडलं तर चुकलं काय? म्हणूनच राज्याने 2023 मध्ये 900 यंत्रांसाठी अनुदान मंजूर केलं, किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यांपैकी कमी ते. यंत्र आलं. पण ते दिवसभरात जितकं तोडतं, तितकं त्याच दिवशी गव्हाणीत पडेल असं वेळापत्रक लावणं कारखान्याच्या हातात आहे. त्यासाठी आधी प्रत्येक खेपेची तोडणीची आणि गाळपाची वेळ शेतकऱ्याला पावतीवर दिसायला हवी.