खरवडलेली हिरवळ

आमच्या विद्यालयाच्या मागील बाजूस, पाण्याच्या टांकीच्या सावलींत, काळ्या दगडांचा एक जुना कठडा आहे. त्यावर दुपारचें ऊन कधींच पडत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं स्वातंत्र्यदिनाच्या समारंभास पाहुणे येणार म्हणून तो कठडा मीं स्वतः उभा राहून तारेच्या घासणीनें घासविला आणि वरून ब्लीचिंग पावडरीचें पाणी ओतविलें. दगड काळाकुळकुळीत निघाला व मनास समाधान वाटलें. त्याच आठवड्यांत नववीच्या वर्गांत ब्रायोफायटा विभागाचा पाठ आला. प्रयोगशाळेंतील बरणी मीं टेबलावर ठेविली. आंत फॉर्मॅलिनमध्यें फिकट, तपकिरी पडलेला एक तुकडा तरंगत होता व चिठ्ठीवर ‘रिक्सिया’ असें नांव होतें. वसतिगृहांत राहणारा वेल्ह्याकडील एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, हें तर आपण परवां खरवडून टाकलें.” मजजवळ उत्तर नव्हतें.

जी वनस्पति आपण मुलांस बरणींतून शिकवितों, तीच भिंतीवरून घासून काढावी, हा व्यवहार मला आतां असह्य वाटतो. प्रत्येक शाळेनें, आणि ज्याच्या घरामागें सावलीची जागा आहे अशा प्रत्येक गृहस्थानें, तिचा एक कोपरा ह्या हिरवळीस मोकळा सोडावा असें माझें आग्रहाचें मत आहे.

भोर-वेल्ह्याच्या माणसांस हिरव्या रंगाचें अप्रूप नाहीं. जून लागला कीं भिंत, पायरी, कौल, आंब्याचें खोड, सारेंच हिरवें होतें, आणि त्या सर्वांस आम्ही ‘शेवाळ’ हें एकच नांव देऊन मोकळे होतों. वास्तविक त्यांत निदान तीन निराळीं घराणीं आहेत. जें बोटांस बुळबुळीत लागतें, ज्यास पान नाहीं कीं खोड नाहीं, तें खरें शेवाळ. जी मखमलीसारखी दाट उभी वाढते व भिंगाखालीं जिचीं इवलीं पानें एका दांड्याभोंवतीं लागलेलीं दिसतात, ती हरिता, म्हणजे मॉस. आणि जी दगडामातीस पोट लावून, टोंकाशीं दोन-दोन फांटे फोडीत, चपटी पसरत जाते, ती यकृतका. कांहीं यकृतकांस बारीक पानेंहि असतात. जुन्या झाडांच्या सालीस चिकटून वाढणारी तांबूस-तपकिरी फ्रुलानिया त्यांपैकींच. यकृतका हें नांव युरोपांतील जुन्या वैद्यांच्या कल्पनेवरून आलें. हिचा आकार यकृतासारखा, तेव्हां ही यकृताचें औषध. परमेश्वरानें प्रत्येक वनस्पतीवर तिच्या गुणाची खूण करून ठेविली आहे, अशी त्यांची समजूत होती. खूण खरी ठरली नाहीं, नांव मात्र राहिलें.

रिक्सिया ओळखणें सर्वांत सोपें. ओल्या मातीवर रुपयाएवढ्या हिरव्या चकत्या, प्रत्येक फांट्याच्या मधोमध एक पन्हळ. तिचीं बीजुकें तिच्या अंगांतच पिकतात. अंग कुजलें कीं तीं मातींत मिसळतात आणि पुढल्या पावसाची वाट पाहतात. मर्केंशिया अधिक ओल मागते. तिच्या पाठीवर शंकरपाळ्यांसारखे चौकोन असतात व प्रत्येकाच्या मध्यें एक बारीक टिंब. तें तिचें श्वासरंध्र. तिच्या पाठीवर इवल्या वाट्याहि असतात. पावसाचा थेंब वाटींत पडला कीं आंतील हिरव्या कळ्या उडून दूर पडतात व त्यांतूनच नवें झाड होतें. भिंतीच्या अंधाऱ्या फटींत पिवळसर-हिरवें असें कांहीं चमकतांना दिसलें, तर तें बहुधा सायथोडियम. तें स्वतः प्रकाशत नाहीं, पडलेला उजेडच परत देतें.

जगांत यकृतकांच्या सुमारें ७,००० जाति आहेत. लाहोर येथें अध्यापन करणारे प्रा. शिवराम कश्यप (१८८२–१९३४) ह्यांनीं पश्चिम हिमालय व पंजाबचें मैदान येथील यकृतकांवर १९२९ व १९३२ सालीं दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांस डोंगर पालथे घालावे लागले; आम्हांस टांकीमागें जावयाचें आहे, एवढेंच.

आक्षेप मीं ऐकले आहेत. मुलें घसरून पडतील, हा आक्षेप खरा आहे. म्हणून पायऱ्या व वाटा अवश्य घासाव्या. परंतु कठड्यावरून कोण चालतो? ओल वाढते म्हणावें, तर बहुतेक ठिकाणीं ओल आधीं असते व हिरवळ मागून येते. गळकी टांकी दुरुस्त न करितां हिरवळीस दोष देणें सोपें पडतें. विंचू-साप लपतात म्हणणाऱ्यांनीं एकदां वांकून पाहावें. नखाएवढ्या उंचीचीहि ती नसते. खरी अडचण आमच्या मनांत आहे. मिशन शाळेंतल्या आम्हां शिक्षकांस स्वच्छतेचा अभिमान, आणि तो रास्तच आहे. पण केर आणि वनस्पति ह्यांतला भेद आम्हांस कळूं नये, हें रास्त नाहीं.

सर्वांत मोठा घात होतो तो मे महिन्याच्या डागडुजींत. त्या दिवसांत प्लेजिओकाझ्मासारख्या जाति आपले कांठ आंत वळवून काळसर-जांभळ्या सुरळ्या होऊन पडतात. गवंडी त्यांस घाण समजून खरवडतो. वास्तविक पहिल्या पावसांत त्या पुन्हां उलगडून हिरव्या झाल्या असत्या.

त्यांस बोलाविण्यासाठीं तोरण्याहून किंवा मढे घाटांतून उपटून कांहीं आणूं नये. बीजुकें वाऱ्यावर येतातच. उत्तरेकडील सावलींत चार काळे दगड व थोडी उघडी, न खणलेली माती असावी; साबणाचें पाणी, चुना, मोरचूद व तणनाशक तेथें पोंचूं देऊं नये. वाळलेला पाला हातानें उचलावा, खराटा लावूं नये. मग दोन-तीन पावसाळे धीर धरावा.

आमच्या कठड्यावर गेल्या पावसाळ्यांत रिक्सियाच्या सात चकत्या मोजल्या. सायथोडियम पूर्वीं तेथें एका फटींत होतें, असें आमचे माळीकाका सांगतात. तें अद्याप परतलें नाहीं. ज्या विद्यार्थ्यास पाहावयाचें असेल, त्यानें कठड्यास न टेकतां पाहावें. भिंग माझ्या कपाटांत आहे, तें मागून न्यावें.