पाठमोरी आगगाडी

आम्ही स्वारगेटची माणसे मोटारीवर वाढलेली. एस.टी. स्टँड दाराशी, आगगाडी हवी तर पुणे स्टेशन गाठायचे. २०२४ साली मेट्रो आली, तीही जमिनीखालून! त्यामुळे मुंबईला निघालो की मी अजून एस.टी.च धरतो. परवा नात बरोबर होती. खंडाळा आला तसे तिला खिडकीशी बसवले आणि १९२९ साली बंद पडलेले एक स्टेशन दाखवू लागलो.

त्याचे नाव रिव्हर्सिंग स्टेशन. गावाचे नाव कुठून देणार? तिथे गावच नव्हते. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली खुली झाली. जवळजवळ १६ मैलांत १८३१ फूट चढायचे, काही ठिकाणी तर ३७ फुटांमागे एक फूट चढ! वाटेत एके जागी समोर दरी, गाडी वळवायला वावच नाही. तेव्हा साहेबाने युक्ती काढली. गाडी डोंगराच्या सोंडेवर सरळ न्यायची, इंजिन सोडून मागच्या टोकाला जोडायचे आणि शेपटाकडून पुढचा घाट चढायचा.

युक्ती साहेबाची, घाम आपला. १८६१ साली या कामावर ४२ हजार माणसे होती; पटकीने हजारो गेली. ठेकेदार ट्रेडवेल १८५९ साली आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका पुरा करून घेतला. बाई खरी खंबीर! पण मजुरांच्या बायकांचे पुढे काय झाले, ते कोण लिहिणार?

माझी आजी गिरगावची. १९२६ साली लग्न होऊन वऱ्हाडाबरोबर पुण्याला निघाली. कर्जत सुटले, रडे आवरेना. इतक्यात गाडी थांबली आणि उलटी चालू लागली. “मला वाटलं, गाडीलाच माझी दया आली. माहेरी परत निघाली!” आजी सांगे. चारचौघांत बायकोशी बोलायची तेव्हा चाल नव्हती. आजोबांनी समोरच्या पोराला मोठ्याने सांगितले, “इंजिन बदललं रे, गाडी पुण्यालाच जातेय.” जागेवरून न हलता आजीचे तोंड आता मुंबईकडे झाले होते. आजोबांनी उठून आपली जागा देऊ केली. तिने मान हलवली.

पुढे नवा मार्ग, नवे बोगदे झाले, विजेची गाडी आली, १९३० साली डेक्कन क्वीन धावू लागली. सोंडेवरचे स्टेशन ओस पडले. परवाही मी बोट केले तिकडे नुसते धुके.

“मग खापरपणजी माहेरी कधी गेली?” नातीने विचारले.

“दिवाळसणाला. आणि तेव्हाही गाडी तिथे उलटी फिरलीच!”

“मग?”

“मग काय, तेव्हा तिने आजोबांना उठवून जागा बदलून घेतली.”